तीन बिंदूंवर तोललेला ट्रॅक्टर

कॉव्हेंट्री म्हटलं की इथल्या मराठी मंडळींना काय आठवतं? दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं कॅथीड्रल, मोटारींचे कारखाने, नाहीतर वॉरिक विद्यापीठात शिकायला आलेला एखादा भाचा किंवा पुतणी. पण या शहराच्या पश्चिमेला बॅनर लेन नावाचा एक रस्ता आहे. तिथल्या कारखान्यातून १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत ५,१७,६५१ छोटे, करड्या रंगाचे ट्रॅक्टर बाहेर पडले. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव 'टीई २०', लोकांच्या तोंडी मात्र 'लिटल ग्रे फर्गी'. आज तासगावच्या द्राक्षबागेत काय, पंजाबात काय किंवा ब्राझीलमध्ये काय, ट्रॅक्टरच्या मागे अवजार ज्या तऱ्हेनं जोडलं जातं ती तऱ्हा जगभर रूढ केली या फर्गीच्या जनकानं.

आता एका आयटीवाल्यानं ट्रॅक्टरच्या इतिहासात का शिरावं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं कारण सांगतो. आम्ही तीन मराठी कुटुंबांनी मिळून हेरफर्डशरमध्ये, वेल्सच्या सीमेजवळ, सहा एकरांचं एक छोटं रान घेतलं आहे. ओक, अॅश, हेझल, थोडी होली, आणि वसंतात जमिनीवर ब्लूबेलचा निळा गालिचा. वठलेली आणि दाटीत वाढलेली झाडं काढायची, ओंडके वाटेपर्यंत ओढून आणायचे, वाटांवरची झुडपं कापायची, म्हणजे छोटा ट्रॅक्टर हवाच. आणि ट्रॅक्टर म्हटल्यावर तीन घरांत तीन मतं! एक मित्र म्हणाला, जुनी फर्गीच घेऊ, दिसते झकास, सुटे भाग अजून मिळतात, आणि इंजिन इतकं साधं की आपणच दुरुस्त करू. दुसऱ्याला नवा कोरा कॉम्पॅक्ट हवा होता. मी आपला कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हटलं, आधी जरा वाचून घेतो. वाचता वाचता लक्षात आलं की ट्रॅक्टरचा इतिहास हा नुसता अश्वशक्तीचा इतिहास नाही. चालवणाऱ्याला न मारता काम करायला यंत्र कसं शिकलं, त्याचा तो इतिहास आहे. आणि हे शिक्षण अजून पुरं झालेलं नाही.

बैलांच्या जागी इंजिन

आपल्याकडच्या नांगरापासूनच सुरुवात करू. बैलांच्या मानेवर जू, मागे नांगर, आणि शेतकऱ्याचा हात रुमण्यावर. हा हात फक्त नांगर सरळ ठेवत नाही. जमीन कठीण लागली की तो दाब कमी करतो, फाळ उथळ घेतो. माती मऊ लागली की पुन्हा दाब देतो. दगड किंवा मूळ लागलं की बैल थांबतात, शेतकरी नांगर उचलून पुढे घेतो. म्हणजे जमिनीचा जोर हाताला कळतो आणि हात लगेच त्यावर उपाय करतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकात याला फीडबॅक लूप म्हणतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो शब्द ऐकला नव्हता, एवढाच फरक.

नांगर सुधारण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी तो घ्यायला कचरत होते. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर घरोघर पोचला. पण त्या नांगरापुढे अर्थातच बैल होते.

ब्रिटनमध्ये बैलांच्या जागी घोडे होते. पहिल्या महायुद्धात घोडे आणि माणसं दोन्ही आघाडीवर गेली, जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजं बुडवू लागल्या आणि देशात अन्नाची चणचण झाली. तेव्हा, १९१७ साली, सरकारनं हेन्री फोर्डकडून हजारो 'फोर्डसन' ट्रॅक्टर मागवले. फोर्डसन स्वस्त होता, पुष्कळ चांगला होता, पण त्यात एक जीवघेणी खोड होती. घोड्यांमागचा नांगर जसा साखळीनं ओढला जायचा, तसाच तो या ट्रॅक्टरमागेही ओढला जात होता. घोड्याला अडथळा कळतो, तो थांबतो. इंजिनाला कळत नाही. फाळ खडकात किंवा मुळात अडकला की नांगर जागीच राही, मागची चाकं रुतून बसत आणि इंजिन मात्र जोर लावतच राही. चाक फिरत नाही म्हटल्यावर मग ट्रॅक्टरचं धडच मागच्या आसाभोवती फिरू लागे. पुढची चाकं उचलली जात आणि दीड-दोन सेकंदांत अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा. एवढ्या वेळात माणसाला क्लच दाबायचंसुद्धा सुचत नाही.

हे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं नाही. आईच्या माहेरी, सांगली जिल्ह्यात, माझे एक चुलत मामा १९९०च्या दशकात असेच गेले. उसाची ट्रॉली चिखलात रुतली होती, ती काढायला साखळी बांधली ती ट्रॅक्टरच्या मागे उंचावर, जिथे हात पोचला तिथे. गिअर टाकला आणि ट्रॅक्टरचं तोंड वर. गावात सगळे 'नशीब' म्हणाले. मी तेव्हा शाळेत होतो, मलाही तसंच वाटलं. आता कळतं की त्यात नशिबापेक्षा साखळी बांधण्याच्या उंचीचा भाग मोठा होता. ती उंची वीतभरानं कमी असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

काउंटी डाउनचा हट्टी माणूस

ही खोड ज्यानं मुळापासून काढायची ठरवली तो हॅरी फर्गसन. जन्म १८८४, उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनमध्ये, एका शेतकऱ्याच्या घरी. अकरा भावंडांतला एक. शेतातल्या राबण्याचा त्याला कंटाळा होता, यंत्रांचं मात्र वेड. ३१ डिसेंबर १९०९ रोजी स्वतः बांधलेलं विमान त्यानं उडवलं. आयर्लंडमध्ये उडालेलं ते पहिलं विमान. नंतर बेलफास्टमध्ये मोटारींचा धंदा काढला. महायुद्धात आयर्लंडच्या शेती खात्यानं ट्रॅक्टरांचा वापर सुधारण्याचं काम त्याला दिलं. विली सँड्स या आपल्या तल्लख साथीदाराला घेऊन तो गावोगाव हिंडला, आणि त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. सगळे जण ट्रॅक्टर सुधारण्याच्या मागे लागले होते, पण चूक ट्रॅक्टरमध्ये नव्हती आणि नांगरातही नव्हती. चूक दोघांच्या मधल्या जोडात होती.

मंडळी, आमच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. दोन सिस्टिम्स स्वतंत्रपणे उत्तम चालतात, आणि बोंब होते ती इंटरफेसमध्ये!

फर्गसननं नांगर साखळीनं ओढायचं सोडून तो ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडला: खाली दोन बाजूंना दोन दांडे आणि वर मध्यभागी एक. खालचे दोन दांडे ओढतात. वरचा दांडा मात्र ढकलतो. कसं ते पाहा. फाळाला मातीचा अडथळा होतो तेव्हा नांगराचा खालचा भाग मागे राहू पाहतो आणि वरचा भाग पुढे कलंडू पाहतो. ही कलंड वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या अंगावर येते आणि त्याचं तोंड जमिनीकडे दाबून धरते. ज्या ताकदीनं फोर्डसन उलटत होता, तीच ताकद इथे ट्रॅक्टरला जमिनीवर रोखून धरते. शिवाय नांगराचं आणि त्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, म्हणून पकड मिळवण्यासाठी ट्रॅक्टर जडशीळ असायची गरजच उरत नाही.

दुसरी करामत हायड्रॉलिकची. तिच्या पेटंटसाठी फर्गसननं १९२५ साली अर्ज केला. वरच्या दांड्याच्या टोकाशी एक स्प्रिंग असते. जमीन कठीण लागली की स्प्रिंग दबते, तिनं तेलाचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर आपोआप किंचित उचलला जातो. मऊ माती आली की पुन्हा खाली. फाळ खडकावर आदळलाच, तर हायड्रॉलिक नांगराचा भार मागच्या चाकांवरून काढून घेतं, चाकांची पकड सुटते, ती जागच्या जागी फिरतात आणि ट्रॅक्टर उलटायच्या ऐवजी मुकाट उभा राहतो. म्हणजे रुमण्यावरचा तो जाणता हात फर्गसननं यंत्राच्या पोटात बसवला. एक चिप नाही, एक सेन्सर नाही. नुसती स्प्रिंग, तेल आणि व्हॉल्व्ह. आम्ही कॉलेजात फीडबॅकची गणितं पाठ केली, तेव्हा मास्तरांनी हे एक उदाहरण दिलं असतं तर निम्मा अभ्यासक्रम एका तासात डोक्यात शिरला असता.

हस्तांदोलन आणि कोर्टकचेरी

कल्पना पक्की झाली तरी ट्रॅक्टर बनवणार कोण? १९३३ साली फर्गसननं स्वतःचा एक नमुना तयार केला. १९३६पासून यॉर्कशायरच्या डेव्हिड ब्राउननं त्याचा ट्रॅक्टर बनवला, पण तेराशे-साडेतेराशेच्या पुढे आकडा गेला नाही आणि दोघांचं बिनसलं. मग ऑक्टोबर १९३८मध्ये फर्गसन ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला गेला आणि डिअरबॉर्नला हेन्री फोर्डच्या घराजवळच्या शेतात त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. फोर्ड इतका प्रभावित झाला की दोघांनी तिथेच हस्तांदोलन करून भागीदारी ठरवली. वकील नाही, कागद नाही, सही नाही. ट्रॅक्टर फोर्डनं बनवायचा, विकायचा फर्गसननं. १९३९ साली हा ट्रॅक्टर बाजारात आला आणि पुढच्या आठ वर्षांत तीन लाखांच्या वर खपला.

अशा तोंडी कराराचं पुढे काय होतं हे आपल्याकडच्या भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला सांगायला नको. थोरला फोर्ड बाजूला झाला आणि नातू हेन्री फोर्ड दुसरा याच्या हाती कारभार आला. आजोबांचं हस्तांदोलन नातवाला परवडेना. १९४७मध्ये करार संपला आणि फोर्ड कंपनी जवळपास तसाच ट्रॅक्टर स्वतःच विकू लागली. फर्गसननं १९४८ साली २५ कोटी डॉलरच्या वर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. १९५२मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. रक्कम दाव्याच्या मानानं लहान, पण एका आयरिश मेकॅनिकनं फोर्ड कंपनीला पैसे मोजायला लावले, ही त्या काळातली मोठीच बातमी होती.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये काय चाललं होतं? महायुद्ध संपलं तेव्हा बॅनर लेनचा कारखाना रिकामा झाला होता. युद्धात तिथे विमानांची इंजिनं बनत. स्टँडर्ड मोटर कंपनीनं तिथे फर्गसनचा ट्रॅक्टर बनवायचं मान्य केलं. पोलादाचं रेशनिंग होतं, डॉलरची टंचाई होती, सरकारी मर्जीशिवाय काही हलत नव्हतं. या कामी फर्गसनला पाठिंबा मिळाला तो सर स्टॅफर्ड क्रिप्स यांचा. होय, तेच ते, १९४२च्या क्रिप्स मिशनमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात भेटणारे. दिल्लीत त्यांना यश आलं नाही, पण कॉव्हेंट्रीतला ट्रॅक्टर मात्र चालला.

आणि चालला तो कसा! वजन जेमतेम ११०० किलो, ताकद पंचवीस अश्वशक्तीच्या आसपास. बहुतेक सगळे नट दोनच मापांचे, त्यामुळे एका पान्यानं काम भागे. त्याच पान्यावर इंचांच्या खुणा, म्हणजे तीच मोजपट्टी. चालू करायचा तो गिअरच्याच दांड्यानं, तो दांडा 'एस'कडे नेऊन. गाडी गिअरमध्ये असताना ती चुकून सुरू होणं त्यामुळे शक्यच नव्हतं. सुरक्षितता ही वरून चिकटवायची गोष्ट नसून ती आराखड्यातच असायला हवी, हे फर्गसनला तेव्हा कळलं होतं. सर एडमंड हिलरी जानेवारी १९५८मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच फर्गी घेऊन, पट्टे वगैरे बसवून थोड्या बदललेल्या.

१९५३ साली फर्गसननं आपली कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसमध्ये विलीन केली. किमतीत दहा लाख डॉलरचा वाद राहिला, तो गृहस्थांनी चक्क नाणेफेकीनं मिटवला आणि फर्गसन नाणेफेक हरला! त्यातून पुढे जन्माला आली 'मॅसी फर्गसन', म्हणजे आपल्या गावाकडची 'मॅसी'. मद्रासची 'टाफे' कंपनी १९६० साली तिच्याच सहकार्यानं सुरू झाली. आपल्या मुंबईचंही नातं असंच आहे. महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली आणि कांदिवलीत 'बी २७५' ट्रॅक्टर बनू लागला. तो मूळचा इथला, यॉर्कशायरचा. बॅनर लेनचा कारखाना २००३ साल उजाडेपर्यंत थंडावला होता. पुढे ती जागा पाडून तिथे घरं झाली. महिंद्रा मात्र आज संख्येच्या हिशेबानं जगातली सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी आहे. काळाचा महिमा, दुसरं काय!

जोड सुधारला, छप्पर उशिरा आलं

तर मग जुनी फर्गी आमच्या रानात का चालू नये? इथेच इतिहास पुढे वाचावा लागतो.

फर्गसनच्या जोडानं एका प्रकारचा अपघात टाळला: अवजार तिन्ही बिंदूंवर जोडलेलं असताना मागे उलटण्याचा. पण उतारावर आडवा कलंडणं, बांधावरून चाक घसरणं, कापलेल्या खोडावर एकच चाक चढणं, यावर त्या जोडाचा काही उपाय नाही. आणि अवजार न जोडता नुसती साखळी आसाला किंवा वरच्या दांड्याच्या खुंटीला बांधली, तर सगळं संरक्षण संपलं. फर्गी तेव्हा पुन्हा १९१७चा फोर्डसन होते. माझ्या मामांच्या ट्रॅक्टरलाही मागे तीन बिंदूंचा जोड होता. पण त्या दिवशी त्याचा उपयोगच केला नव्हता.

यावरचा उपाय म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडणार नाही अशी भक्कम चौकट. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली आणि तिथे उलटून होणारे मृत्यू झपाट्यानं घटले. ब्रिटनमध्ये १९६७ साली नियम झाले, सप्टेंबर १९७०पासून नव्या ट्रॅक्टरांना सुरक्षित केबिन बंधनकारक झाली आणि १९७७पर्यंत, पगारी माणूस चालवत असेल तर, जुन्यांनाही. शेवटची करडी फर्गी १९५६ची. तिच्यावर साधी लोखंडी बैठक आणि वर मोकळं आभाळ! प्रदर्शनात ती सुरेख दिसते. झाडांच्या मुळांत, उतारावर, ओल्या पाल्यावर तिच्याकडून काम घेणं हा तिच्यावरही अन्याय आणि आपल्या घरच्यांवरही. कायदा प्रामुख्यानं कामावरच्या माणसांसाठी आहे, हौशी मालकाच्या मागे कोणी इन्स्पेक्टर येत नाही. पण गुरुत्वाकर्षण हौस आणि धंदा यांत फरक करत नाही.

छोटा म्हणजे किती छोटा?

आज ज्याला कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर म्हणतात तो मुख्यतः जपानची देणगी. तिथली भातशेती आपल्या कोकणातल्या खाचरांसारखी, लहान आणि चिखलाची. तिच्यासाठी कुबोटासारख्या कंपन्यांनी हलके, अरुंद, चारही चाकांना जोर असलेले ट्रॅक्टर बनवले. कुबोटाचा 'बी ६०००' १९७१चा. त्यानंतर हे छोटे ट्रॅक्टर अमेरिकेत आणि युरोपात पोचले, तिथे त्यांना बागा, घोड्यांची कुरणं, छोटी रानं असं गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत दोन ओळींमधून जाणारे मिनी ट्रॅक्टर याच कुळातले. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा दीड हेक्टरपेक्षाही कमी आहे. तिथे पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दारात उभा करणं म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचं पातेलं चुलीवर चढवणं. कर्ज मोठं, काम थोडं.

या सगळ्या वाचनातून आमच्या सहा एकरांसाठी जे ठरलं ते इथे देतो. इकडे छोटं रान घेतलेली किंवा गावाकडच्या बागेसाठी भावाला ट्रॅक्टर घेऊन देणारी आणखी मंडळी नक्की असतील, त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट चौकट आणि पट्टा. उलटला तर वाचवणारी चौकट हवीच, आणि ती असेल तर सीटबेल्ट लावायचाच. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि नेमका त्याच चौकटीखाली सापडतो. वर वठलेल्या फांद्या असतील तर डोक्यावर संरक्षक जाळीचं छतही हवं. अॅशच्या रोगाची, ज्याला इथे डायबॅक म्हणतात आणि जो २०१२ साली ब्रिटनमध्ये आढळला, लागण झालेली झाडं फार ठिसूळ होतात.

दुसरी गोष्ट, ताकदीपेक्षा रुंदी आणि वजन बघायचं. पंचवीस अश्वशक्ती आमच्या कामाला पुरून उरते, म्हणजे जवळपास फर्गीएवढीच. रुंदी दीड मीटरच्या आत, म्हणजे झाडांमधून वाट काढता येते. फोर व्हील ड्राइव्ह हवा. टायर शेतीचे, खोल खाचांचे. हिरवळीचे गुळगुळीत टायर ओल्या पाल्यावर सपशेल घसरतात. पोटाखाली संरक्षक पत्रा हवा, नाहीतर एखादी उभी काटकी हायड्रॉलिकचा पाइप फोडते.

तिसरी गोष्ट, जपानहून आलेले वापरलेले ट्रॅक्टर इथे बरेच मिळतात आणि यंत्र म्हणून चांगले असतात. पण पुष्कळांवर चौकट नसते आणि सूचना असतात जपानी अक्षरांत. मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, गार्ड धड आहे ना हे आधी पाहावं. त्या दांड्याचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे. मफलरचं टोक किंवा जाकिटाची नाडी त्यात गेली तर हात मागे घ्यायला सवड मिळत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ओंडका ओढण्याची. त्यासाठी तीन बिंदूंवर बसणारी विंच मिळते. तिचं रुंद पातं जमिनीत रोवून ट्रॅक्टर उभा ठेवायचा आणि तारेनं ओंडका आपल्याकडे खेचायचा. त्यानं दोन फायदे. ट्रॅक्टर वाटेवरच राहतो, ब्लूबेलची जमीन चाकाखाली दाबली जात नाही. इथे ज्या रानाचा पुरावा इ.स. १६००पर्यंत मागे जातो त्याला प्राचीन रान म्हणतात. तिथली माती एकदा दाबली गेली की पूर्ववत व्हायला कित्येक दशकं जातात. आणि दुसरा फायदा म्हणजे ओढ खालून राहते. विंच नसेल तर साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. आसाला नाही, सीटच्या मागे नाही, वरच्या खुंटीला तर मुळीच नाही.

पाचवी गोष्ट मुलांची. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शेतात जायची मजा सगळ्यांनी घेतली आहे. इथे शेतीच्या कामात १३ वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टरवर बसवणं हा गुन्हा आहे, १९९८च्या नियमांनी. तो नियम आम्ही आमच्या रानातही पाळतो, आणि मोठ्यांनाही लावतो. एक सीट, एक माणूस. जाता जाता कागदाचंही सांगतो. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय दर तीन महिन्यांच्या तिमाहीत ५ घनमीटरपर्यंतच लाकूड तोडता येतं, आणि त्यातलं विकता येतं फक्त २ घनमीटर. त्यापुढे फेलिंग लायसन्स लागतं. छोट्या ट्रॅक्टरला तेवढं काम पुष्कळ झालं.

फर्गसन १९६० साली वारला. त्यानं जोडलेले तीन बिंदू आता जगभराचं मानक आहेत, ठरलेल्या मापाच्या खुंट्यांसकट. आमच्या धंद्यात यूएसबीचं जे स्थान तेच शेतीत या जोडाचं: कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर, कुठल्याही कंपनीचं अवजार, माप जुळलं की काम सुरू. आम्ही घेतलेल्या छोट्या जपानी ट्रॅक्टरमागेही तेच तीन बिंदू आहेत. त्या मित्रानं जुन्या फर्गीचा हट्ट सोडलेला नाही. ती त्यानं खुशाल घ्यावी, रविवारी पुसून-चमकवून प्रदर्शनात न्यावी. रानात मात्र ती येणार नाही, यावर तिन्ही घरांचं एकमत झालं आहे.

या दिवाळीत गावी फोन कराल तेव्हा मामा-काकांना ऊस कसा आहे, पाऊस किती झाला हे विचारालच. त्यासोबत आणखी एक विचारा. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी कुठे बांधता? उत्तर 'खाली, ड्रॉबारला' असं आलं तर निश्चिंतपणे फराळाला बसा. दुसरं काही आलं, तर फोन ठेवायच्या आधी हा लेख वाचून दाखवा.